दिवसभर कम्प्युटरवर असते, तरी त्यावर अभ्यास जमत नाही

पुनश्च_हरिओम | रविवार, रात्री १०:३२

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी पुन्हा विद्यार्थिनी झालेय. नोकरी सांभाळून एम.ए. (इतिहास) करतेय, दूरस्थ पद्धतीनं. राहते वारज्यात, ऑफिस खराडीला. वनाज ते रामवाडी मेट्रो आणि पुढे रिक्षा, त्यामुळे वाचायला वेळ तसा मिळतो.

प्रश्न जरा चमत्कारिक आहे. ऑफिसात मी दिवसभर कम्प्युटरवरच असते. एक्सेल, मेल, प्रेझेंटेशन सगळं हातातलं. पण त्याच यंत्रावर अभ्यासाला बसलं की काहीतरी बिनसतं. शोधगंगेवरून प्रबंध उतरवते, आर्काइव्हवरून जुनी पुस्तकं उतरवते, फोल्डरात नीट लावते, पिवळ्या-हिरव्या रेघा मारते. रात्री लॅपटॉप मिटताना वाटतं, चला, बराच अभ्यास झाला. सकाळी मेट्रोत बसून आठवायला जावं तर 'चौथाई म्हणजे पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा टक्के' याच्या पुढे गाडी सरकत नाही.

विद्यापीठाच्या अभ्यासाला तुम्ही कम्प्युटर नेमका कसा वापरता? 'या वेबसाइट बघा' अशी यादी नकोय, ती माझ्याकडे भरपूर आहे. पद्धत हवी आहे.

दोन फुटकळ शंका. लॅपटॉप जुना आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही. नवा घ्यावा का? घरचे म्हणतात घेऊन टाक, मला ते पैसे पुस्तकांना हवेत. आणि एक्सेलमध्ये घटनांची यादी करायला घेतली तर तारखा क्रमानं लागतच नाहीत. ऑफिसात हे कधी झालं नाही.

१_ते_४_बंद | रविवार, रात्री १०:५०

अप्पा बळवंत चौकात जा, दोनशे पानी वही घ्या, लॅपटॉप विकून टाका. धागा संपला.

पेठेतला_मास्तर | सोमवार, सकाळी ६:१५

वरच्या गृहस्थांनी थट्टेत का होईना, निम्मं बरोबर सांगितलंय. उरलेलं निम्मं मी सांगतो.

ताई, ऑफिसात रिपोर्ट पाठवला की काम संपतं. त्यातलं तुमच्या डोक्यात किती राहिलं हे कोणी विचारत नाही, विचारायचं कारणही नाही. अभ्यासात फक्त तेवढंच विचारतात. जमवणं, लावणं, रंगवणं ही तिन्ही ऑफिसची कामं आहेत. तुम्हाला ती उत्तम येतात, म्हणून संध्याकाळी तुम्ही तीच करत बसता आणि त्याला अभ्यास म्हणता. माझे विद्यार्थी पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात हेच करायचे. गठ्ठा घरी आला की अर्धा पेपर सुटल्यासारखा चेहरा व्हायचा.

पथ्य एकच. पंधरा-वीस पानं वाचलीत की स्क्रीन मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. मग उघडून ताडून पाहा. याला आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींना ते पुन्हा वाचायला लावले, काहींना न बघता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तुमचं रात्रीचं समाधान त्या पाच मिनिटांतलं आहे.

मग कम्प्युटर कशाला? शोधायला, जपायला, आणि सगळ्यात जास्त लिहायला. आमच्या काळी प्रबंध टंकलेखकाकडे द्यायचा. एक परिच्छेद पुढचा मागे घ्यायचा तर चार पानं पुन्हा टंकायची, म्हणून चुकीच्या जागी पडलेला परिच्छेद तसाच राहायचा. आज तो उचलून हलवता येतो. ही मोठी चैन आहे आणि मुलं ती वापरत नाहीत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ टंकत जातात आणि फाइल पाठवून देतात. उत्तर लिहिताना आधी नुसते मुद्दे टाका, त्यांची जागा बदलून पाहा, कोणता मुद्दा दुसऱ्याचा आधार आहे ते बघा. परिच्छेद त्यानंतर.

काळी_खिडकी | सोमवार, सकाळी ९:०५

मी फक्त लॅपटॉपचं बोलतो.

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून तुमच्यावर चढत नाही. यंत्र बिघडलंय असा त्याचा अर्थ नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथूनच चालवून बघा, आतल्या डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, मराठी टंकन चाललं तर मगच चढवा. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, झोटेरो सगळं त्यावर फुकट चालतं. आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या. त्यानं पडणारा फरक नव्या लॅपटॉपइतका जाणवतो.

विंडोज असो की लिनक्स, अभ्यासासाठी वेगळं यूजर खातं काढा. त्यात ऑफिसची मेल नाही, व्हॉट्सॅप वेब नाही, ब्राउझरमध्ये खरेदीच्या साइटींचे पासवर्ड नाहीत. भिंतीवरचं चित्रसुद्धा वेगळं ठेवा. करायला दहा मिनिटं लागतात.

प्रती: लॅपटॉप, बाहेरची एक डिस्क, क्लाउड. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट आहे, पण त्यात मेल आणि फोटोही मोजतात. आणि लोक सिंकला बॅकअप समजतात. लॅपटॉपवर फाइल पुसली की ड्राइव्हवरचीही कचरापेटीत जाते आणि तीस दिवसांनी तिथूनही उडते. म्हणून बाहेरची डिस्क लागतेच, आणि ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायची नसते.

सदाशिवपेठी_भाडेकरू | सोमवार, दुपारी २:४०

मास्तरांना +१, पण 'कागदच घ्या' यावर थोडं भांडतो.

हातानं लिहिलेल्या नोट्स लॅपटॉपपेक्षा भारी, हे सगळे ज्यावरून सांगतात तो म्युलर आणि ओपेनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास. त्यात लॅपटॉपवाले सरांचं बोलणं शब्दशः उतरवतात म्हणून कमी पडतात असं निघालं होतं. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तोच प्रयोग परत केला, तेव्हा फरक तेवढा ठाम दिसला नाही. म्हणजे मुद्दा पेनाचा कमी आणि शब्दशः उतरवण्याचा जास्त. की-बोर्डवरही स्वतःच्या वाक्यात लिहिलं तर चालतं.

वाचनाच्या बाबतीत मात्र कागदाचं पारडं जड आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन असेल तर कागदावर वाचलेलं अधिक कळतं. कथात्मक मजकुरात तसा फरक नाही. मी त्यावरून ठरवून टाकलंय: ज्या प्रकरणावर प्रश्न हमखास येतो ते छापून घ्यायचं, बाकीचं स्क्रीनवर.

वर्गात लॅपटॉप उघडून भलतंच बघणाऱ्यांसाठी: कॅनडातल्या २०१३ च्या एका प्रयोगात लॅपटॉपवर इकडेतिकडे करणाऱ्यांचे गुण तर घसरलेच, पण त्यांची स्क्रीन ज्यांना दिसत होती त्यांचेही घसरले. आमच्या अभ्यासिकेत म्हणूनच शेवटच्या रांगेला मागणी. समोर कोणाची स्क्रीन नको. (आणि पंखा तिथेच आहे.)

ताई, मेट्रोसाठी अँकी. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. आपण प्रश्नोत्तराची कार्डं बनवायची, जे येतं ते लांबच्या तारखेला जातं, जे येत नाही ते लगेच परत समोर येतं. दुसऱ्याची तयार कार्डं घेऊ नका, कार्ड बनवण्यातच अर्धा अभ्यास होतो. आणि नुसते आकडे विचारू नका. 'सरदेशमुखी किती टक्के' हे वाया गेलेलं कार्ड. 'चौथाई आणि सरदेशमुखी यांचा हक्क कशाकशावर सांगितला जायचा' किंवा '१७१९ च्या सनदांनी शाहू महाराजांच्या पदरात नेमकं काय पडलं' असं विचारा. एका कार्डाला एकच उत्तर. पाच मुद्द्यांचं उत्तर असेल तर कार्ड फोडा.

१_ते_४_बंद | सोमवार, दुपारी ४:०१

पंख्याखालची जागा मिळवायला पहाटे किती वाजता जावं लागतं, त्याचाही एक प्रयोग होऊन जाऊ द्या.

नव्या_दमाचा | सोमवार, रात्री ८:२२

एवढी मेहनत कशाला? पीडीएफ एआयला द्या, मराठीत सारांश मागा, त्यावरूनच नोट्स, त्यावरूनच असाइनमेंट. २०२६ मध्ये कोरा कागद?

मोडीची_मात्रा | सोमवार, रात्री ९:१०

हे करून पाहिलंय. मोडी कागदाचा फोटो दिला की तो सफाईदार, अस्सल पेशवाई थाटाचा आणि संपूर्ण काल्पनिक मजकूर देतो. 'विज्ञापना ऐसीजे' वगैरे सगळं जागच्या जागी. ज्याला मोडी येत नाही त्याला शंकासुद्धा येणार नाही.

संदर्भांचंही तेच. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख अस्तित्वातच नाही. दिलेला प्रत्येक संदर्भ जोवर तुम्ही स्वतः उघडून पान बघत नाही, तोवर तो संदर्भ नाही.

पेठेतला_मास्तर | सोमवार, रात्री ९:३५

सारांश दुसऱ्यानं केला की वाचनातला विचार करण्याचा भाग नेमका त्याच्याकडे जातो. पण सरसकट बंदी घालायच्या मताचा मी नाही. इंग्रजीतला एखादा किचकट परिच्छेद कळत नसेल तर तो मराठीत समजावून मागा आणि मूळ परत वाचा. आपलं उत्तर लिहून झाल्यावर विचारा, 'यातला कोणता दावा पुराव्याशिवाय आहे? परीक्षक मला काय विचारेल?' त्याला प्रश्न विचारायला लावायचं, उत्तरं आपण द्यायची.

असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेणाऱ्यांची तोंडी परीक्षा दोन मिनिटांत संपते. तुमच्या तिसऱ्या पानावर अमुक शब्द आहे, त्याचा अर्थ सांगा, एवढं विचारलं की पुरतं.

श्राव्य | सोमवार, रात्री ११:१८

धागा छान चाललाय, पण 'स्क्रीन मिटा आणि कागद घ्या' हे माझ्यासारख्याला लागू नाही. मला दिसत नाही. एनव्हीडीए या मुक्त स्क्रीन रीडरवर सगळं शिक्षण चाललंय. विंडोजवर तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो.

मास्तरांची पद्धत मी अशी करतो: वाचून झालं की फोनवर आवाज नोंदवतो. तीन-चार मिनिटं, न अडखळता, जणू कोणाला शिकवतोय. मग मूळ परत ऐकतो आणि कुठे थाप मारली ते शोधतो. ताईंना मेट्रोतून उतरून रिक्षा मिळेपर्यंत हे सहज जमेल, लोक फोनवर बोलतायत असंच समजतात.

तुमच्या त्या पीडीएफच्या ढिगाबद्दल थोडं बोलू द्या. माझ्यासाठी त्यातल्या निम्म्या फाइली म्हणजे कोरं पान असतं. पुस्तकाचे नुसते फोटो काढून पीडीएफ केली की स्क्रीन रीडर सांगतो, दस्तऐवज रिकामा आहे. दुसरा प्रकार युनिकोडच्या आधीच्या फाँटांचा. श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला रोमन अक्षरांची गिचमिड. माझा स्क्रीन रीडर तीच गिचमिड इमानदारीनं वाचून दाखवतो.

डोळस लोकांना वाटतं हा आमचा प्रश्न आहे. पण तुम्ही कंट्रोल-एफ करून 'सरंजाम' शोधता आणि 'सापडलं नाही' असं येतं, ते याच कारणानं. शब्द पानावर असतो, फाइलमध्ये नसतो. शोधगंगेवरच्या अनेक मराठी प्रबंधांत हे होतं. उतरवलेल्या प्रत्येक फाइलमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मराठी उमटलं तर फाइल कामाची. नाही उमटलं तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करा: पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर निघतो. लिनक्सवाल्यांसाठी टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमलाही मराठी येतं. स्वच्छ छपाई असेल तर बऱ्यापैकी, जुन्या निर्णयसागरी थाटाच्या छपाईत जोडाक्षरांचा चुराडा होतो.

टंकायला इन्स्क्रिप्ट शिका. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, सरकारी प्रमाण, सगळ्या यंत्रांवर सारखा. पहिले काही दिवस चिडचिड होते.

पुनश्च_हरिओम | मंगळवार, सकाळी ८:०२

श्राव्य, नोटपॅडची चाचणी आत्ता मेट्रोत बसून चार प्रबंधांवर केली. तिघांतून गिचमिड निघाली! आवाज नोंदवायची युक्ती आजच रामवाडीला.

मास्तर, पटलं. पण मग फोल्डर, रेघा हे सगळं सोडूनच द्यायचं का? पुढच्या सत्रात लघुप्रबंध आहे, त्याला संदर्भ तर लागणारच.

ग्रंथपाल_काकू | मंगळवार, दुपारी १२:३०

सोडायचं कशाला. फक्त ते काम अभ्यासाच्या वेळेत करायचं नाही. आठवड्यातला एक ठरावीक तास संदर्भांना द्या, आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते म्हणून मी तो शुक्रवारी ठेवते.

संदर्भांसाठी झोटेरो. २००६ पासून आहे, फुकट आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं. ब्राउझरमधल्या बटणावरून लेखाची माहिती आपोआप येते, वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये तळटीप टाकता येते, शेवटची संदर्भसूची तो बनवतो. त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबीच फुकट मिळतात, त्यामुळे पीडीएफ आपल्या डिस्कवर ठेवा आणि नुसत्या नोंदी सिंक करा.

मराठी पुस्तकांना मात्र हात चालवावा लागतो. नोंद आपण भरायची, 'संपा.', 'आवृत्ती' असे संक्षेप इंग्रजीतून आले तर शेवटी बदलायचे. मराठी आणि इंग्रजी संदर्भांचे संग्रह आधीपासून वेगळे करा, नाहीतर सूचीत दोन लिप्यांची सरमिसळ होते आणि मार्गदर्शक भडकतात. एकाच लेखकाचं नाव कधी 'गो. स. सरदेसाई' तर कधी 'सरदेसाई गोविंद सखाराम' असं भरू नका. झोटेरोच्या दृष्टीनं ती दोन माणसं आहेत.

ग्रंथालयात फोनवर पानांचे फोटो काढता ना सगळे? पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा, तिथे प्रकाशक, वर्ष, आवृत्ती असते. मग मजकूर, आणि प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक आलाच पाहिजे. 'काकू, हे कुठल्या पुस्तकातलं पान आहे ओळखा ना' म्हणत मुलं येतात. मी ज्योतिषी नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दप्तरात जाणार असाल तर फोटो काढायची परवानगी आधी विचारा, तिथले नियम वेगळे.

'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' या सरदेसाईंनी संपादलेल्या ४५ खंडांसाठी इंटरनेट आर्काइव्ह आधी बघा, पण खंडाचा क्रमांक नीट तपासा. चढवणाऱ्यांनी शीर्षकं मनाला येईल तशी दिलेली असतात. परदेशी नियतकालिकांसाठी 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना २०२५ पासून चालू आहे. ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं, आणि केंद्र व राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना ती खुली. तुमचा प्रवेश ज्या विद्यापीठात आहे तिथल्या ग्रंथालयात लॉगिनचं विचारा. दूरस्थ विद्यार्थी विचारायलाच येत नाहीत. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात एकदा प्रत्यक्ष जाऊन या, मेलपेक्षा काम लवकर होतं.

आणि नव्या दमाच्या मुला, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, त्यापुढे पायऱ्या आहेत आणि साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सारांशाचा सारांश करण्याआधी ते वाच.

नव्या_दमाचा | मंगळवार, दुपारी १:१५

काकू, रागावू नका. वाचतो.

मोडीची_मात्रा | मंगळवार, रात्री १०:०५

तारखांच्या शंकेला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

एक्सेलचं जग १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीची तारीख टंकली की तो तिला तारीख मानतच नाही, नुसती अक्षरं समजतो. मग १४-०१-१७६१ आणि ०३-०३-१७०७ यांचा क्रम तो पहिल्या दोन आकड्यांवर लावतो. ऑफिसात तुम्हाला हे कधी भेटणार नाही, कारण तिथे कोणी औरंगजेबाच्या मृत्यूची नोंद करत नाही. (एक्सेल १९०० हे लीप वर्षही मानतो. ते नव्हतं. लोटस १-२-३ शी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम तशीच ठेवली.) लिब्रेऑफिसचा कॅल्क जुन्या तारखा घेतो, पण फाइल एक्सेलवाल्या मित्राला दिली की परत गोंधळ. सगळ्यात सुरक्षित म्हणजे १७६१-०१-१४ असं लिहा, वर्ष आधी. अक्षरं म्हणून लावलं तरी क्रम बरोबर येतो.

त्याहून महत्त्वाचं, मूळ तारीख जशी कागदावर आहे तशी एका रकान्यात ठेवा आणि तिला कधी हात लावू नका. इसवी सन शेजारच्या रकान्यात. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण पानिपतची लढाई शके १६८२ पौष शुद्ध अष्टमीची, बेरीज येते १७६०. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. एक जानेवारी ओलांडली की ७९ मिळवायचे. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) मृगाला बदलतो, त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६००. पानिपतच्या वेळी शुहूर ११६१ चालू होता, करून बघा. इंग्रजांच्या पत्रांत आणखी एक फेरा आहे. त्यांच्याकडे सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर होतं, म्हणजे अठराव्या शतकात अकरा दिवसांचा फरक, सतराव्यात दहा. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्या जुन्या गणनेतलीच.

कोष्टकाला रकाने असे ठेवा: मूळ तारीख, इसवी, कोणी कोणाला लिहिलं, कुठून, पोचल्याची तारीख असेल तर ती, एका ओळीत विषय, खंड आणि पान.

पुनश्च_हरिओम | मंगळवार, रात्री १०:४०

हे फारच कामाचं आहे, मोडीभाऊ. पण एक कुचका प्रश्न. असं कोष्टक भरत बसणं म्हणजे पुन्हा जमवाजमवच की. मास्तर काय म्हणतील?

पेठेतला_मास्तर | बुधवार, सकाळी ६:०५

मास्तर म्हणतील, कोष्टकाला प्रश्न काय विचारणार आहात त्यावर अवलंबून. 'सगळी पत्रं एकत्र असावीत' म्हणून भरलंत तर जमवाजमव. पण समजा तुम्हाला बघायचंय, दिल्लीकडची बातमी पुण्याला पोचायला किती दिवस लागत आणि पावसाळ्यात त्यात किती भर पडे. मग लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख हे दोनच रकाने जपून भरायचे, वजाबाकी यंत्र करेल. जिथे वजाबाकी विचित्र येईल, म्हणजे पत्र लिहिण्याआधीच पोचलेलं दिसेल, तिथे एकतर तुमची तारीख चुकलीय, नाहीतर संपादकाची. ते शोधायला पुन्हा कागदापाशी जावं लागतं. तिथे यंत्रानं तुम्हाला अभ्यासाला लावलं.

रकाने भरण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात कोष्टकाच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा. लिहिता आला नाही तर कोष्टक अजून उघडू नका.

सदाशिवपेठी_भाडेकरू | बुधवार, सकाळी ११:२०

'पत्र लिहिण्याआधीच पोचलं' हे आमच्या सबमिशनच्या तारखांनाही लागू पडतं. वाखु (वाचनखूण) साठवली.

काळी_खिडकी | बुधवार, दुपारी १२:१०

अवांतर: लघुप्रबंध सादर करताना पीडीएफ ब्राउझरच्या प्रिंटमधून काढू नका. लिब्रेऑफिसच्या किंवा वर्डच्या 'पीडीएफ म्हणून साठवा'मधूनच काढा आणि ती दुसऱ्याच यंत्रावर उघडून जोडाक्षरं तपासा. फाइलचं नाव मात्र रोमनमध्ये, मोकळी जागा न सोडता. देवनागरी नावाची फाइल काही पोर्टल नाकारतात आणि का नाकारली ते सांगत नाहीत.

पुनश्च_हरिओम | बुधवार, रात्री ९:५५

प्रश्न एका वाक्यात लिहायला बसले आणि तासभर गेला. अजून 'आणि' दोनदा येतोय त्यात, म्हणजे दोन प्रश्न आहेत. मिंट पेनड्राइव्हवर चालतंय, मराठी उमटतंय, फक्त प्रिंटर अजून रुसलाय.

श्राव्य, एका खंडाची ओसीआर करून बघितली. डोळ्यांनी तरी बरी दिसतेय. 'र्‍या' आणि 'द्ध' खूप ठिकाणी फुटलेत. तुमच्याकडे कशी वाचली जाईल?

श्राव्य | बुधवार, रात्री ११:४०

व्यनित (व्यक्तिगत निरोपात) दुवा पाठवा, पहिली वीस पानं ऐकून सांगतो. जुना 'र्‍य' स्क्रीन रीडरला नेहमीच छळतो, तो शोधून-बदलून एका फटक्यात दुरुस्त होतो, मी यादी देतो. पाठवण्याआधी एवढंच बघा, छापील पानांचे क्रमांक मजकुरात राहिलेत ना. ओसीआर ते बरेचदा गिळतो, आणि मग तळटीप देता येत नाही.